हुलसुरे मॅडमचं सत्तावन्न

हुलसुरे मॅडम प्रयोगशाळेत शिरल्या की आधी पंखे बंद करायच्या. सोलापुरात, मार्च महिन्यात, दुपारी दोन वाजता. वर पत्रा, खाली ती लांबलचक खोली, आत पंचवीस पोरं, मी, प्रयोगशाळेचा परिचर सिद्राम आणि त्या स्वतः. सगळे घामानं निथळत उभे असायचे आणि ही बाई थंडपणे सांगायची, "वारा लागला की कप गार होतो. तुम्हाला गार व्हायचं असलं तर नंतर व्हरांड्यात जा की."

सिद्राम दर वर्षी एकदा तरी धीर करून म्हणायचा, "मॅडम, लई उकडतंय. येक पंखा तरी?"

"किती उकडतंय?"

"लई म्हंजे लईच."

"लई म्हणजे किती डिग्री? मोजून सांग, मग बघू."

सिद्राम बिचारा भिंतीवरचा थर्मामीटर बघून यायचा, आकडा सांगायचा, त्या तो वहीत टिपून घ्यायच्या आणि पंखा बंदच राहायचा.

आमचं कॉलेज छोटं. रसायनशास्त्र विभागात त्या प्रमुख आणि मी हाताखाली. चौदा वर्षं आम्ही एका टेबलाला समोरासमोर बसलो. त्यातली पहिली दोन वर्षं मला त्यांचा भयंकर राग यायचा, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर सवय झाली. आणि सवय कधी सरली आणि माया कधी लागली ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी ऐकलं तर म्हणतील, तारीख टिपून ठेवायची होती.

दिसायला त्या अगदी साध्या. बुटक्या, अंगात इरकल साडी, पायात पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, ती दुपारपर्यंत घामानं अर्धी गेलेली असायची. मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी. मराठी त्या अस्खलित बोलायच्या, पण सेकंद मोजायच्या कानडीत. द्रावणं एकत्र झाली की घड्याळावर नजर ठेवून पुटपुटणं सुरू व्हायचं, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." मी एकदा विचारलं, मराठीत का नाही मोजत? म्हणाल्या, "मराठीत मी शिकवते. मोजताना घरी असते."

आता त्या मोजायच्या काय, ते सांगायला पाहिजे. बारावीनंतर ज्यांनी रसायनशास्त्राला रामराम केला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रासायनिक क्रिया झाली की उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते. आम्ल आणि अल्क एकत्र केलं की मीठ आणि पाणी तयार होतं आणि द्रावण तापतं. किती तापलं ते थर्मामीटरनं बघायचं आणि त्यावरून किती उष्णता सुटली ते काढायचं. आम्ल हायड्रोक्लोरिक आणि अल्क कॉस्टिक सोडा असेल, तर एका मोलमागे साधारण सत्तावन्न किलोज्यूल उष्णता सुटते. मोल म्हणजे आमचं डझनासारखं माप समजा. हे सत्तावन्न पुस्तकात छापलेलं आहे. आणि छापलेलं आहे हीच सगळी गोची आहे. उत्तर आधीच हातात असल्यावर मोजायला बसतंय कोण?

मी तर नव्हतोच बसत. मी मोहोळचा. सकाळची एसटी पकडून यायचं, तास उरकायचे, संध्याकाळची एसटी पकडायची. नोकरी नवीन होती आणि प्रॅक्टिकलच्या तीन बॅचेस माझ्या गळ्यात. मी आपला फळ्यावर आकडे लिहून द्यायचो. सुरुवातीचं तापमान हे, शेवटचं हे, उत्तर सत्तावन्न पॉइंट तीन. पोरं खूश, मी खूश, एसटी वेळेवर मिळायची. मी स्वतः शिकलो तेव्हाही असंच चालायचं, त्यामुळे ह्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नव्हतं.

एक दिवस मॅडम माझ्या बॅचला आल्या आणि जर्नलांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसल्या. पंचवीस जर्नलं, पंचवीस वेळा सत्तावन्न पॉइंट तीन. सगळी बघून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही सगळी जुळी का रे?"

पोरं हसली. मग त्यांनी एकाला थर्मामीटर आणायला सांगितला. आमचे थर्मामीटर तेव्हा एकेक डिग्रीच्या रेघांचे. फार तर अर्ध्या डिग्रीचा अंदाज घेता यायचा.

"आता करा गणित. तापमान साडेसहा डिग्रीनं वाढलं तर उत्तर किती?"

पोरांनी खरडलं. "चोपन्न, मॅडम."

"सात डिग्रीनं वाढलं तर?"

"साडेअठ्ठावन्न."

"बरं. मधलं काही ह्याच्यावर दिसतं का?"

"नाही, मॅडम."

"म्हणजे ह्या एसटीला सत्तावन्नला थांबाच नाही. मग तुम्ही पंचवीस जण तिथं उतरलात कसे?"

पन्नास डोळे माझ्याकडे वळले. मॅडमनी मात्र माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. चार शब्द सुनावले असते तर मीही चार सुनावले असते, तेव्हा माझी जीभ फार पुढे होती. स्टाफरूममध्ये त्यांनी नेहमीसारखा डबा उघडला, कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यावर शेंगाचटणी ठेवली आणि माझ्यापुढे सरकवली. "खा जाधव. आणि उद्या एकट्यानं प्रयोग करा. काय येतंय ते मला सांगा."

मी केला. सेहेचाळीस आलं. चिडून परत केला, एकोणपन्नास आलं. तिसऱ्यांदा केला तेव्हा एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी तणतणत त्यांच्यापुढे वही टाकली.

त्यांनी वही बघितली. "कॉस्टिक कधी विरघळवलं?"

"सकाळी. लगेच वापरलं."

"तिथंच चुकलं. कॉस्टिक पाण्यात पडलं की आपलं आपणच तापतं. ते विरजणासारखं असतंय, आदल्या संध्याकाळी लावून ठेवायचं. तुमचं अल्क गरम, आम्ल गार, आणि सुरुवातीचं तापमान तुम्ही घेतलं गरम बाटलीतलं. मग वाढ कमीच दिसणार की."

मी एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झालो होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यांनीही कधी मोजलं नव्हतं. त्या दिवसापासून मी फळ्यावर आकडे लिहिणं बंद केलं. राग मात्र तसाच राहिला, उलट थोडा वाढला.

त्यांचा आणखी एक विचित्र नियम होता. द्रावण नेमकं किती तीव्र आहे हे सगळे प्रयोगाच्या आधी तपासतात. मॅडम नंतर तपासायच्या. तापमान टिपून झालं, आलेख काढून झाला, उत्तर आलं, की मग ब्युरेट लावून द्रावणाची तीव्रता काढायची आणि उत्तरात दुरुस्ती करायची. "आधीच सगळं कळलं तर उत्तर कळतं," त्या म्हणायच्या. "आणि उत्तर कळलं की डोळा थर्मामीटरच्या त्या रेघेपाशी आपणहून जाऊन बसतो. माझा पण बसतो. म्हणून नकोच."

ह्या सगळ्या सोवळ्याओवळ्यामुळे आमच्या प्रयोगशाळेची उत्तरं मात्र वाईट यायची. पन्नास, बावन्न, एकोणपन्नास. कागदाचा कप उष्णता खातो, थर्मामीटर खातो, ढवळायची काडी खाते, हवा खाते. मॅडम ह्या सगळ्यांनी किती खाल्ली तेही मोजून मिळवायच्या, तरी गाडी चोपन्नच्या पुढं सरकायची नाही. सगळी उत्तरं त्या एका लांब वहीत लिहायच्या, सही करून.

मग एका वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. गळ्यात टाय, हातात लाल पेन. एका मुलीचं उत्तर एक्कावन्न आलं होतं, त्यांनी सरळ निम्मे गुण कापले. मॅडम उठल्या आणि त्या मुलीचा आलेख त्यांच्यापुढे ठेवला. "हिची वाचनं बघा, साहेब. एक बिंदू इकडचा तिकडं नाही. मार्क मोजण्याला द्यायचेत का छापलेल्याला?"

वाद झाला. शेवटी त्यांनी गुण परत दिले, पण जाताना चहाचा कप ठेवत हसून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुमच्या ह्या लॅबमध्ये एकदा तरी सत्तावन्न आलंय का?"

मॅडम दुसरं काहीही म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "नाही."

ते गेल्यावर त्या बराच वेळ बेसिनपाशी कप धूत राहिल्या. कागदाचे कप. मी म्हटलं, "मॅडम, टाकून द्या ते." तेव्हा त्या भानावर आल्या. "जाधव," त्या म्हणाल्या, "रिटायर व्हायच्या आत ह्या खोलीत एकदा सत्तावन्न यायला पाहिजे. खरं. आपल्या हातानं." मी हो हो म्हटलं. मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. पण त्या दिवसापासून ते एक खूळ त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

पहिली मोहीम निघाली टॉवेलांची. कपाभोवती कापूस गुंडाळून भागत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, सोलापुरात राहून कापूस कसला गुंडाळता. एका शनिवारी मला कुणाची तरी मोटारसायकल मागून आणायला लावली, स्वतः मागे बसल्या आणि आम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात गेलो. मॅडमच्या पिशवीत गरम पाण्याचा थर्मास, पाच कप आणि पाच थर्मामीटर. मालक उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मोठं गिऱ्हाईक आलं. खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला.

"किती डझन पाहिजे, मॅडम?"

"एक पण नको. तुमचे पाच जातीचे टॉवेल अर्धा तास वापरायला द्या."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. तोवर मॅडमनी टेबलावर पाच कप मांडून त्यांना टॉवेल गुंडाळायला घेतले होते. मागांवरचे कामगार एकेक करून जमले. खडखडाटात ओरडून बोलावं लागत होतं. कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, आपापसात पैजा सुरू झाल्या. मालकांनी आपला परदेशी जाणारा जाडजूड टॉवेल अभिमानानं पुढे केला होता. अर्ध्या तासानं बघतो तर तो तिसरा. पहिला आला कोपऱ्यात पडलेला फेकाऊ माल, ज्याच्या अंगावरचे दोऱ्याचे फासे सैल पडून फुगले होते.

"असं कसं होईल?" मालक कळवळून म्हणाले.

"सैल फाशांत हवा अडकून राहते. ऊब ती हवा धरते," मॅडम म्हणाल्या. "तुमचा माल वाईट नाही हो. अंग पुसायला चांगलाच आहे."

त्या फेकाऊ मालातले सहा टॉवेल मालकांनी आग्रहानं भेट दिले. त्या वर्षी आमचं उत्तर त्रेपन्नवरून चोपन्नला गेलं. मॅडमनी सिद्रामकडून पेढे आणवले. एका आकड्यासाठी.

मग आला एप्रिल, आणि एक दिवस सरळ साठ आलं. मी उडालोच. मी म्हटलं, मॅडम, सत्तावन्न ओलांडून गेलो. त्यांनी आदल्या रात्रभर द्रावणाच्या बाटल्या कुठं होत्या ते सिद्रामला विचारलं.

"माठाच्या पाण्यात, मॅडम. उनानं तापतील म्हून मीच ठिवल्या."

"आणि खोली?"

"खोली एकेचाळीस की."

मॅडम हसायला लागल्या, इतक्या की स्टूल धरावं लागलं. "जाधव, आपलं पुस्तक कुठल्या तरी थंड देशातल्या माणसानं लिहिलंय. त्यात लिहिलंय, उष्णता कपातून बाहेर जाते, काळजी घ्या. त्या माणसाला सोलापूर ठाऊकच नाही. हितं गार द्रावण ठेवलं तर उष्णता बाहेरून आत येते. ते साठ आपलं नाही. त्यातलं थोडं सूर्याचं आहे."

साठ खोडलं. त्यानंतर नियम ठरला. द्रावण खोलीपेक्षा तीन डिग्री गार असताना सुरू करायचं, म्हणजे संपताना ते खोलीपेक्षा तीन डिग्री गरम होतं. जितकं आत येईल तितकंच बाहेर जाईल. हे जगातल्या सगळ्या चांगल्या प्रयोगशाळांना आधीच माहीत होतं, हे मला पुढं वाचताना कळलं. आम्हाला ते सिद्रामच्या माठानं शिकवलं.

मॅडम मोहोळला माझ्या घरी एकदाच आल्या, वास्तुशांतीला. घर बांधून झालेलं, मागच्या बाजूला गोठ्याच्या भिंतीला द्यायला कळीचा चुना पिंपात घातलेला. गड्यानं पाणी ओतलं आणि चुना खदखदायला लागला. मॅडम पूजेला बसलेल्या बायकांतून उठल्या ते थेट पिंपापाशी. पर्समधून थर्मामीटर काढला. हो, त्या वास्तुशांतीला पर्समध्ये थर्मामीटर घेऊन आल्या होत्या. गडी मागं सरला. मॅडम पदर खोचून लांबून हात घालून तापमान बघतायत आणि मोठ्यानं "ओंदु, एरडु" चाललंय, हे बघून माझी चुलती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, त्या बाईंना आदी जेवाय वाढ. न्हाय तर त्या चुन्यातच भात लावतील." मी ते मॅडमना सांगितलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "शिजंल की. पण चव लागायची नाही."

एवढं सांगायचं कारण, ह्या बाईंना मोजण्यात कर्तव्यबिर्तव्य काही वाटत नव्हतं. त्यांना मजा यायची. आणि तरीही ते सत्तावन्न काही येईना. नवा दशांश डिग्रीचा थर्मामीटर आला, टॉवेल होते, माठ होता, पंखे बंद होते. चोपन्न, चोपन्न पॉइंट चार, त्रेपन्न पॉइंट आठ. वहीची पानं भरत गेली आणि त्यांच्या निवृत्तीचा मार्च उजाडला.

शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला निरोप समारंभ ठरला होता. मॅडम म्हणाल्या, दोनला एकदा शेवटचं करून बघू. द्रावणं आदल्या संध्याकाळी मी करायची, हे ठरलेलंच होतं.

आता माझं पाप सांगतो. एक लिटर अल्काला चाळीस ग्रॅम कॉस्टिक लागतं. मी वजनकाट्यापुढं उभा राहिलो आणि बेचाळीस ग्रॅम घेतलं. त्याच हिशेबानं आम्लही थोडं जास्त. वीस-एकवीसचा फरक, कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही. मला दुसरं काही नको होतं. ही बाई एवढी वर्षं घामात उभी राहिली, हिनं ह्या खोलीतून जाताना सत्तावन्न घेऊन जावं, इतकंच वाटत होतं. त्या नंतर तीव्रता तपासतात हे मला पक्कं माहीत होतं. पण साडेतीनला प्राचार्य हार घेऊन उभे असणार, शाल, नारळ, भाषणं. शेवटच्या दिवशी कोण ब्युरेट लावत बसतंय, असा मी हिशेब केला. समारंभाची वेळ मीच साडेचारची साडेतीन करून घेतली होती.

दोन वाजता द्रावणं एकत्र झाली. मॅडम मोजत होत्या, वाचत होत्या, मी टिपत होतो. आलेख काढला, गणित मांडलं. सत्तावन्न पॉइंट एक.

मॅडम स्टुलावर बसल्या. चष्मा काढून पदरानं पुसला. "परत बघा, जाधव."

मी परत केलं. सत्तावन्न पॉइंट एक.

त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता, लहान मुलीसारख्या दिसत होत्या. सिद्राम "आलं, मॅडमचं सत्तावन आलं" करत सभागृहाकडं पळाला. मला इतका आनंद झाला की मी काय केलंय ते मी खरंच विसरून गेलो.

साडेतीनला सभागृह भरलं. प्राचार्यांनी मलाच बोलायला उभं केलं, मी आकडा सांगितला, टाळ्या पडल्या. मग मागं वळून बघतो तर मॅडमची खुर्ची रिकामी. मी भाषण अर्धवट टाकून पळालो.

प्रयोगशाळेत त्या ब्युरेटपुढं उभ्या होत्या. शाल खांद्यावर, हार टेबलावर. खालच्या फ्लास्कमधला गुलाबी रंग नुकताच उडत होता.

"अल्क एक पॉइंट शून्य पाच निघालं," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "आम्ल पण तेवढंच. एक बाटली चुकली असती तर चूक म्हटलं असतं." मग वळल्या. "बेचाळीस घेतलंत?"

"हो."

"का?"

"तुम्हाला एकदा यावं म्हणून."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि हळू म्हणाल्या, "मला लई आनंद झाला होता, जाधव. दीड तास. आता त्या दीड तासाचं मी काय करू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. वहीत सत्तावन्न पॉइंट एक लिहिलेलं होतं, त्यावर रेघ मारली, खाली लिहिलं, "द्रावण तीव्र. दुरुस्तीनंतर ५४.४." सही केली. मग हार उचलला, स्वतःच्याच हातानं गळ्यात घातला आणि सभागृहाकडं निघाल्या.

माईकवर जाऊन त्या पहिलं वाक्य हेच बोलल्या, की सरांनी सांगितलेला आकडा कच्चा होता, पक्का चोपन्न पॉइंट चार आहे. प्राचार्य हसून म्हणाले, "द्रावण कुणी केलं होतं, मॅडम?"

"आमच्या विभागानं," त्या म्हणाल्या, आणि पुढं पोरांबद्दल बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला. "जाधव, पहिली एसटी धरा. आठला लॅबमध्ये या." मी म्हटलं, मॅडम, काल तुम्ही रिटायर झालात. "त्याची ऑर्डर मिळाली मला," त्या म्हणाल्या, "तुम्ही या."

मी पोचलो तेव्हा सगळं मांडून तयार होतं. समारंभ संपल्यावर लोक गेले आणि त्यांनी संध्याकाळी स्वतः द्रावणं करून ठेवली होती. सिद्राम झोपेतून उठून आल्यासारखा कोपऱ्यात उभा. खोली अठ्ठावीस, द्रावण पंचवीस.

"आज थर्मामीटर तुम्ही वाचा," मॅडम म्हणाल्या.

"मी?"

"मी घड्याळ बघते."

त्या खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी अल्क ओतलं, ढवळलं. पारा चढायला लागला. चौदा वर्षं हे गणित केलेलं, वाचता वाचताच उत्तर डोक्यात येत होतं. एकतीस पॉइंट सहावर पारा थांबला. अजून जेमतेम दीड रेघ वर असता तर सत्तावन्न. दीड रेघ म्हणजे काय हो, डोकं थोडं खाली घातलं तरी तेवढा फरक दिसतो. कुणाला कळलं नसतं. आणि ह्या खेपेला द्रावणंही त्यांनीच केलेली, ब्युरेटमधून काही निघालं नसतं.

"सांगा," त्या खिडकीकडं बघतच म्हणाल्या.

"एकतीस पॉइंट सहा."

त्यांनी आकडा लिहिला. पुढची वाचनं मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. आलेख काढला, गणित केलं, द्रावण तपासलं, ते अगदी बरोबर निघालं. उत्तर आलं पंचावन्न पॉइंट नऊ. ह्या खोलीत आलेलं सगळ्यात मोठं खरं उत्तर.

"पंचावन्न पॉइंट नऊ," त्या दोनदा म्हणाल्या. "कालच्यापेक्षा दीडनं जास्त. का वाढलं?"

"माहीत नाही, मॅडम. सकाळची हवा असेल."

"असेल. शोधा तुम्ही." आणि त्या हसल्या, चेहरा काल दुपारी फुलला होता तसाच. वहीत सही केली, वही माझ्या हातात दिली, सिद्रामच्या पाठीवर थाप मारली आणि पिशवी घेऊन निघाल्या. महिन्याभरातच त्या मुलाकडं बेंगळुरूला गेल्या. त्यांना प्रत्यक्ष बघितलं ते त्या सकाळीच शेवटचं.

त्या दाराबाहेर पडल्या तसे मी कप धुवायला घेतले. सिद्राम टॉवेल झटकत होता. तो म्हणाला, "सर, येक इचारू? मॅडम रोज माझं वाचल्यालं बी येऊन बघायच्या. पोरांचं बघायच्या. सवताचं बी दोनदा बघायच्या."

"मग?"

"आज तुमचं बघाय आल्याच न्हाईत की."

मी हातातला कप तसाच ठेवून व्हरांड्यात आलो. मॅडम फाटकापाशी पोचल्या होत्या, पांढरे बूट, खांद्यावर पिशवी, एका हातानं रिक्षा थांबवत होत्या. हाक मारावीशी वाटली. पण मारून सांगणार काय होतो? रिक्षा थांबली, त्या आत बसल्या, वाकून रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि गेल्या. मी तिथंच व्हरांड्यात उभा राहून पोरासारखा रडलो.